हैदराबादेत कुटुंबासाठी घर आणि घर शोधून देणारा मध्यस्थ

मराठवाड्यातील माणसाला हैदराबाद हे शहर कधी परके वाटले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद, त्या काळच्या नावांनी सांगावयाचे तर, या पाच जिल्ह्यांची राजधानी तीच होती. दाव्याच्या तारखेला, शिक्षणाला, सरकारी चाकरीला लोक तेथे जात. सुलतान बाजार व काचीगुडा या भागांत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी ही शाळा त्याच वस्तीची निर्मिती होय.

आज जाण्याचे कारण बदलले आहे. १९९८ साली माधापूर येथे सायबर टॉवर्सची इमारत उभी राहिली आणि त्यानंतर शहराचा पश्चिम भाग संगणकाच्या उद्योगाने भरून गेला. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर या बाजूची मुले-मुली तेथे नोकरीस लागली. काही वर्षे भाड्याच्या घरात काढल्यावर सदनिका घेण्याचा विचार होतो, आणि मग गावाकडील वडिलांच्या भविष्यनिर्वाह निधीकडे, आईच्या नावावरील ठेवीकडे, प्रसंगी दोन एकर जमिनीकडे पाहिले जाते. म्हणजे घर शहरात होते, पण त्याचा पाया गावातल्या पैशाचा असतो. म्हणूनच हा विषय शहरवासीयांइतकाच खेड्यातील वाचकांचाही आहे.

मुलाला सुटी नसते, वडिलांना शहर ठाऊक नसते. अशा वेळी घर शोधून देणारा मध्यस्थ पुढे येतो. कोणी त्याला ब्रोकर म्हणतो, कोणी एजंट, कोणी सरळ दलाल. त्याचे काम तुच्छ मानण्याचे कारण नाही. कोणत्या गल्लीत पाणी टँकरने येते, कोणत्या इमारतीत उद्वाहक सदैव बंद असतो, कोणता मालक खरोखर विकू इच्छितो आणि कोणता केवळ भाव काढून पाहतो, हे ज्ञान परगावच्या माणसाला महिनाभर हिंडूनही मिळत नाही. त्या ज्ञानाचा मोबदला देणे रास्त आहे. प्रश्न एवढाच की मध्यस्थ कोणाचा माणूस आहे?

खेड्यातील माणसाला हा प्रश्न नवा नाही. गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो तेव्हा हेडी दोघांच्याही कानाशी लागलेला असतो, आणि जाणता शेतकरी त्याचे बोलणे ऐकून घेतो पण बैलाचे दात स्वतः पाहतो. मोंढ्यातील अडत्याचेही तेच. अडत कोणी द्यावयाची यावर महाराष्ट्रात वर्षानुवर्षे वाद झाला आणि २०१६ साली फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय झाला. मोबदला ज्याच्याकडून येतो, त्याच्याकडे मन झुकते, हे त्या वादाचे मर्म होते.

इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांत केवळ खरेदीदाराच्या बाजूने घर शोधणारे, त्याच्याकडूनच शुल्क घेणारे आणि विकणाऱ्याकडून काहीही न घेणारे व्यावसायिक वेगळे असतात. हैदराबादेत असे निखळ खरेदीदाराचे मध्यस्थ विरळा. बहुसंख्य मध्यस्थ एकीकडे बांधकाम करणाऱ्या प्रवर्तकांच्या सदनिका विकून देतात व दुसरीकडे खरेदीदारासाठी घर शोधतात. नव्या इमारतीत त्यांची दलाली प्रवर्तक देतो, जुन्या सदनिकेत ती बहुधा दोन्ही बाजूंकडून एक ते दोन टक्के घेतली जाते. यात लपवाछपवी नसेल तर बेकायदा काही नाही. लपवाछपवी असेल तर मात्र कायदा गप्प बसत नाही.

हा कायदा जुना आहे. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमात अभिकर्त्यावर, म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करणाऱ्यावर, एक संपूर्ण प्रकरण आहे. त्यातील कलम २१६ खाली दिलेले उदाहरण आजच्या विषयाला नेमके लागू पडते. एकाने आपल्या अभिकर्त्यास अमुक घर आपल्यासाठी खरेदी करावयास सांगितले. अभिकर्त्याने ‘ते घर मिळू शकत नाही’ असे सांगून स्वतःच विकत घेतले. हे उघडकीस आल्यावर धनी त्याला ते घर, त्याने घेतलेल्याच किमतीस, आपणास विकण्यास भाग पाडू शकतो. कलम २१५ प्रमाणे अभिकर्त्याने धन्याच्या संमतीवाचून व महत्त्वाच्या गोष्टी दडवून त्याच व्यवहारात स्वतःचा व्यवहार केला, तर धनी तो नाकारू शकतो. हिशेब देणे आणि धन्याच्या खात्यावर घेतलेले पैसे त्याला पोचविणे हीही अभिकर्त्याची कर्तव्ये याच प्रकरणात आहेत. परंतु अभिकर्ता नेमला होता हेच सिद्ध करता आले नाही, तर या कलमांचा उपयोग कसा व्हावा? तोंडी बोलणे आणि फोनवरचे आश्वासन यांच्या आधारावर दावा चालविणे किती अवघड असते, हे तालुक्याच्या न्यायालयात एकदा जाऊन आलेल्यास सांगावे लागत नाही.

त्यानंतर आला २०१६ चा स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, ज्याला सर्वत्र ‘रेरा’ म्हणतात. तेलंगणाने त्याचे नियम २०१७ साली केले. या अधिनियमाने प्रथमच मध्यस्थाला नोंदणी सक्तीची केली. कलम ९ नुसार नोंदणीवाचून त्याला नोंदणीकृत प्रकल्पातील सदनिका विकून देता येत नाही, आणि त्याने करून दिलेल्या प्रत्येक विक्रीत आपला नोंदणी क्रमांक नमूद केला पाहिजे. कलम १० त्याला नोंदणी नसलेला प्रकल्प विकण्यास मनाई करते, हिशेबाची पुस्तके ठेवावयास लावते आणि सदनिका आरक्षित होते त्या वेळी खरेदीदारास मिळण्याजोगे सर्व कागद त्याच्या हाती पडतील अशी व्यवस्था करण्यास सांगते. या तरतुदी मोडल्यास कलम ६२ खाली दररोज १०,००० रुपये, आणि सदनिकेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत, दंड होऊ शकतो. तक्रार जशी प्रवर्तकाविरुद्ध तशी मध्यस्थाविरुद्धही प्राधिकरणाकडे करता येते. महाराष्ट्राने २०२३ पासून मध्यस्थांना प्रशिक्षण व परीक्षाही सक्तीची केली. ही अट मात्र महाराष्ट्रापुरती आहे. हैदराबादच्या मध्यस्थाकडे ते प्रमाणपत्र मागणे व्यर्थ होय. त्याचा तेलंगणातील नोंदणी क्रमांक मागावा आणि प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर तो ताडून पाहावा.

आता कल्पनेसाठी एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. देगलूर तालुक्यातील एका शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी आहेत. मुलगा व सून दोघेही हैदराबादेत नोकरीस, भाड्याने मियापुरात राहतात. नातीला यंदा शाळेत घालावयाचे आहे. ६० लाखांपर्यंत घर घ्यावयाचे ठरले. त्यांतील निम्म्याहून अधिक कर्जाचे, उरलेले बरेचसे गुरुजींच्या उपदानाचे आणि निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणाचे. ही रक्कम एकदा गेली की पुन्हा येणारी नव्हे.

मध्यस्थाने एका रविवारी त्यांना तीन घरे दाखविली. तिन्ही नव्या इमारतींतील, तिन्ही चांगली, आणि तिन्ही त्याच दिवशी ठरवून टाकावीत अशी. दुपारी चहा घेताना गुरुजींनी विचारले, “तुम्हाला या घरांचे बिल्डरकडून काय मिळते?”

मध्यस्थ हसून म्हणाला, “ते तुमच्याकडून थोडेच घेतो आहे, गुरुजी? तुम्हाला माझे काम फुकट.”

“फुकट कसे असेल? मोंढ्यात अडत कोणाच्या तरी पट्टीतून निघतेच. जुन्या इमारतीतले घर तुम्ही दाखविले नाही ते का?”

यावर मध्यस्थाने दिलेले उत्तर प्रामाणिक होते. जुन्या घरात कटकट फार, कागद शोधावे लागतात, मालकाशी घासाघीस होते आणि दलाली कमी पडते, असे तो म्हणाला. गुरुजींनी त्याला हाकलून दिले नाही. त्यांनी त्याला लेखी करार करण्यास सांगितले. त्या करारात काय असावे?

मोबदला टक्केवारीने न ठरविता ठोक रकमेने ठरवावा, हे उत्तम. टक्केवारीत घर महाग पडले की मध्यस्थाचे उत्पन्न वाढते, मग तो भाव पाडण्यासाठी कशाला झटेल? रक्कम हप्त्यांनी द्यावी: थोडी काम सुरू होताना, थोडी विक्रीचा करार नोंदविल्यावर आणि चांगला मोठा भाग खरेदीखत होऊन ताबा मिळाल्यावर. विकणाऱ्याकडून वा प्रवर्तकाकडून त्याला काही मिळत असल्यास ते त्याने लेखी कळवावे. स्वतःचे, नातलगाचे किंवा भागीदाराचे घर दाखवीत असल्यास तसे आधी सांगावे. कोणती घरे दाखविली त्यांची तारखेसह यादी ठेवावी. नंतर ‘हे घर मीच दाखविले होते’ असा वाद उद्‌भवतो तो या यादीने मिटतो. किती महिन्यांत घर न मिळाल्यास करार संपेल तेही लिहावे. आणि मुखत्यारनामा मध्यस्थास देऊ नये, हे निक्षून सांगितले पाहिजे. परगावचा खरेदीदार वारंवार येऊ शकत नाही म्हणून सही करण्याचा अधिकार त्याच्याच हाती सोपविण्याची सूचना होते. तशी गरजच पडली तर तो अधिकार कुटुंबातील व्यक्तीला द्यावा.

मुखत्यारनाम्यावरून आणखी एक गोष्ट. हैदराबादेत काही ठिकाणी मिळकती मुखत्यारपत्रावर अथवा नोटरीपुढील कागदावर हातोहात गेलेल्या आढळतात. सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात ११ ऑक्टोबर २०११ रोजी स्पष्ट केले की मुखत्यारपत्र, विक्रीचा करार आणि मृत्युपत्र यांच्या जुळणीने मालकी हस्तांतरित होत नाही. त्यासाठी नोंदणीकृत खरेदीखतच हवे. स्वस्तात मिळणारे घर असे नाही ना, हे पाहणे मध्यस्थाचे पहिले काम असले पाहिजे. प्रत्यक्षात ते वकिलाचे आहे, आणि तो वकील मध्यस्थाने सुचविलेला नसावा.

हैदराबादच्या जमिनीचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. निजामी अमलात सर्फ-ए-खास, जहागीर, इनाम, वक्फ अशा नाना प्रकारांनी जमीन धारण केली जाई. जहागिरी १९४९ साली खालसा झाल्या, इनामे १९५५ च्या कायद्याने संपुष्टात आणली गेली. तथापि त्या जमिनींवरचे वाद आजही न्यायालयांत येतात. सरकारने भूमिहीनांस दिलेल्या जमिनीच्या हस्तांतरास १९७७ च्या कायद्याने मनाई आहे. अशा जमिनींचे दस्त नोंदवू नयेत म्हणून निषिद्ध मिळकतींची यादी ठेवलेली असते. घेतलेला भूमापन क्रमांक तीत नाही ना, हे निबंधक कार्यालयात पाहता येते. मराठवाड्यातील माणसाला या शब्दांची ओळख आहे, कारण त्याच्याही गावचे जुने हक्क १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकापर्यंत मागे न्यावे लागतात. तेलंगणात तोच कागद ‘पहाणी’ म्हणून ओळखला जातो. जुने दस्त उर्दूत असतात. निजामाच्या काळी शाळेत उर्दू शिकलेले आजोबा ते घडाघडा वाचीत. नातवाला आता अनुवादक गाठावा लागतो.

महाराष्ट्रात ज्याला ‘सूची दोन’ म्हणतात तिच्या जागी तेलंगणात बोजा प्रमाणपत्र मिळते, लोकव्यवहारात ‘ईसी’. १९८३ नंतरच्या नोंदी संगणकावर पाहावयास मिळतात. मध्यस्थ हे प्रमाणपत्र पुढे करून ‘घर स्वच्छ आहे’ असे म्हणतो. त्यात फक्त नोंदणी झालेले दस्त दिसतात. नोंदणी न झालेला करार, थकलेला कर किंवा तलावाची हद्द त्यात दिसत नाही.

तलावाची हद्द हा हैदराबादेत जिवाभावाचा प्रश्न झाला आहे. शहर शेकडो तलावांच्या मधून वाढले. मासाब टँक हे आज गजबजलेल्या भागाचे नाव असले तरी तेथे खरोखरच तलाव होता. ‘चेरुवु’ म्हणजे तलाव व ‘कुंटा’ म्हणजे तळे. वस्तीच्या नावात यांपैकी शब्द आढळला की अधिक चौकशी करावी. १३ व १४ ऑक्टोबर २०२० च्या अतिवृष्टीत तलावांखालच्या कितीतरी वसाहती पाण्यात गेल्या. २०१२ च्या बांधकाम नियमांप्रमाणे १० हेक्टर व त्याहून मोठ्या तलावाच्या पूर्ण संचय पातळीपासून ३० मीटर, आणि लहान तलावापासून ९ मीटर, जागा मोकळी हवी. जुलै २०२४ मध्ये तेलंगणा शासनाने ‘हैड्रा’ ही यंत्रणा स्थापन केली आणि पुढील काही महिन्यांत तलावांच्या पात्रातील अनेक बांधकामे पाडण्यात आली. बांधणारा पैसे घेऊन मोकळा झालेला असतो. राहणाऱ्याचे सामान रस्त्यावर येते आणि कर्जाचे हप्ते चालूच राहतात. बँकेने कर्ज दिले म्हणजे सर्व ठीक, हा समज तेव्हा अनेकांना महागात पडला.

दुसरा धोका ‘प्री-लाँच’ नावाने ओळखला जातो. परवानगी मिळण्यापूर्वी, कधी जमीनही पूर्ण ताब्यात येण्यापूर्वी, जमिनीतील अविभक्त हिस्सा विकून पुढे इमारत बांधून देण्याचे वचन दिले जाते. भाव बाजारापेक्षा पुष्कळ कमी असतो, परंतु सर्व पैसे एकदम मागितले जातात. अविभक्त हिस्सा हा शब्द स्वतः दोषास्पद नाही. महाराष्ट्रात इमारतीखालची जमीन सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या नावे होते. तेलंगणात प्रत्येक सदनिकेच्या खरेदीखतात जमिनीचा हिस्सा चौरस गजांत लिहिण्याची रीत आहे. (१२१ गज म्हणजे एक गुंठा, हे गणित दोन्हीकडे सारखेच आहे.) दोष आहे तो घराऐवजी केवळ हिस्सा विकण्यात. ज्या प्रकल्पाला रेरा क्रमांक नाही त्याची विक्री करून देणारा मध्यस्थ कलम १० मोडतो, मग तो किती का ओळखीचा असेना. नोंदणीकृत प्रकल्पातही विक्रीचा करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास कलम १३ ची मनाई आहे, आणि खरेदीदारांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के त्याच प्रकल्पाच्या वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात.

मध्यस्थाने त्या रविवारी दाखविलेल्या तीन घरांपैकी एक असेच निघाले. क्रमांक विचारताच ‘अर्ज केला आहे, पंधरा दिवसांत येईल’ असे उत्तर मिळाले, आणि जोडीला, आज टोकन दिले नाही तर सोमवारी भाव वाढेल अशी सूचना. हैदराबादी दख्खनीत मराठीचा ‘नको’ ‘नक्को’ होऊन कधीचा नांदतो आहे. गुरुजींनी तोच शब्द वापरला.

पैशाच्या बाबतीत थोडक्यात. घराची कोणतीही रक्कम मध्यस्थाच्या हाती वा खात्यात देऊ नये. विकणाऱ्याच्या खात्यात बँकेमार्फतच द्यावी. अशा व्यवहारात २०,००० रुपये वा अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याची बंदी आहे. ५० लाख वा अधिक किमतीच्या मिळकतीत १ टक्का कर खरेदीदाराने कापून भरावयाचा असतो. ६० लाखांवर ते ६०,००० होतात, मात्र ते किमतीतूनच वजा होतात. मुद्रांक व नोंदणी मिळून तेलंगणात जुलै २०२१ पासून साडेसात टक्के, म्हणजे ४,५०,००० रुपये. बांधकाम चालू असलेल्या ६० लाखांच्या घरावर ५ टक्के वस्तू व सेवा कर, आणखी ३,००,०००. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या तयार घरावर हा कर नाही. मध्यस्थ किंमत सांगताना या रकमा बहुधा वगळतो. तसेच क्षेत्रफळ सांगताना जिने, दालने धरून फुगवलेला आकडा सांगतो. रेराप्रमाणे प्रवर्तकाला भिंतींच्या आतले चटई क्षेत्र सांगावे लागते, आणि दोन घरांची तुलना त्याच आकड्यावर करावी.

करार झाल्यावर मध्यस्थाचे वागणे पालटले, हेही सांगितले पाहिजे. ठोक मोबदला ६०,००० ठरला, त्यातील ३०,००० शेवटी. मग त्याने जुन्या इमारतींतील पाच घरे काढली. एकाचे भोगवटा प्रमाणपत्रच नव्हते. एका घराच्या मालकाचे कर्ज फिटले नव्हते व मूळ कागद बँकेत होते. हे वकिलाने नव्हे, त्यानेच आधी सांगितले. बारा वर्षे जुनी, तिसऱ्या मजल्यावरची, नातीच्या शाळेपासून पायी अंतरावरची सदनिका अखेर पसंत पडली. वकिलाने मागील ३० वर्षांचे दस्त पाहिले, सोसायटीसारख्या असलेल्या तेथील रहिवाशांच्या संघाकडून देणे बाकी नसल्याचा दाखला घेतला, आणि पावसाळ्यात तळमजल्यावर पाणी येते काय हे पहारेकऱ्याला विचारावे, अशी युक्ती सांगितली. पहारेकऱ्याने नाही म्हटले. २०२० साली गाड्या भिजल्या नव्हत्या, असेही तो आपण होऊन बोलला.

खरेदीखताच्या दिवशी गुरुजींनी निबंधक कार्यालयात सर्व पाने वाचून घेतली. ताबा मिळाल्यावर मध्यस्थाने मालमत्ता कराच्या नोंदीवर आणि विजेच्या मीटरवर नाव बदलून आणले, तेव्हा उरलेले ३०,००० धनादेशाने दिले गेले. त्याआधी गुरुजींनी नातीच्या हाती फितीचे एक टोक देऊन प्रत्येक खोली मोजली. बेरीज १,०३६ चौरस फूट भरली. कागदावर १,०४० होती. चार फुटांचा प्रश्न त्यांनी काढला नाही.